उपाशीपोटी केलेली प्रार्थना

बाप्पा, दिवा लावला, उदबत्ती लावली, चहा मात्र अजून घेतलेला नाही. रक्त न्यायला लॅबचा मुलगा यायचा आहे. फास्टिंग शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही. पोटात काही नाही, तेव्हा बोलणं जरा तिखट झालं तर सांभाळून घे. कांजूरच्या या दोन खोल्यांतून तुझ्याकडे आजवर पुष्कळ मागून झालं. नळाला पाणी, मुलाची नोकरी, ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, एका जुलैत तर गाड्या बंद पडू नयेत म्हणूनही तुला साकडं घातलं होतं. आज माझ्यापुरतं मागते. शुगर घालव असं म्हणत नाही. ती जायची नाही हे डॉक्टरांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तुलाही असणारच. तिच्यापायी मनाला जो घोर लागलाय त्याचं काहीतरी कर.

ग्लुकोमीटरवर आकडा यायला पाच सेकंद लागतात. तेवढ्यात मी कालचा अख्खा दिवस तपासून घेते. दुपारी भात जास्त झाला का? शेजारच्या वहिनींनी दिलेली नारळाची वडी भोवली का? जेवल्यावर बिल्डिंगभोवती फेऱ्या मारायच्या होत्या, त्या राहिल्याच. मग आकडा येतो. 118 आला तर मी शहाणी बाई. 196 आला तर दिवसभर स्वतःशी अबोला. बोटातून थेंबभर रक्त येतं आणि त्याच्याबरोबर माझी लायकीही त्या पट्टीवर उमटते, असं मला वाटत राहतं. ताप मोजताना असं कुणाला वाटत नाही. थर्मामीटरने 102 दाखवला तर घरचे कपाळावर ओली पट्टी ठेवतात. मीटरने 202 दाखवला तर विचारतात, "काय खाल्लंस?"

आता मला सांग, रात्री नऊला जेवून, मध्ये पाण्याशिवाय काही न घेता सकाळी आकडा वाढलेला का असतो? डॉक्टरांनी समजावलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल आणि त्याच्यासारखी दुसरी हार्मोन्स वाढतात, आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. धडधाकट माणसाचं इन्सुलिन ती लगेच आवरतं, माझ्याच्याने ते होत नाही. म्हणजे मी गाढ झोपलेली असताना माझ्याच घरात कुणीतरी साखरेचा डबा उघडतं आणि सकाळी जाब मला द्यावा लागतो.

काळजीचंही तेच. माणूस घाबरला की ॲड्रेनालिन वाढतं आणि यकृत साखर सोडतं, पळायला बळ यावं म्हणून. ही सोय वाघ मागे लागला तर कामी यावी अशी केलेली. आमच्याकडे भांडुप-मुलुंडच्या डोंगरातून बिबट्या अजून उतरतो म्हणा, पण मला रोज भेटतं ते वेगळंच. हप्त्याचा मेसेज. बिल्डिंग पाडायची म्हणतात, तर भाड्याने कुठे जायचं हा प्रश्न. ठाण्याहूनच भरून आलेली स्लो लोकल, जिच्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि फास्ट तर कांजूरला थांबतच नाही. रात्री खाडीकडून वारा सुटला की डंपिंगचा वास येतो. खिडक्या लावल्या की उकाडा, उकाड्याने झोप मोडते, आणि झोप मोडली की सकाळी आकडा चढलेला. यातल्या कशापासून पळून जाता येतं? साखर सुटते, पळणं होत नाही, ती तशीच रक्तात फिरत राहते. आकडा वाढला म्हणून काळजी, काळजीने पुन्हा आकडा. एवढी हुशारीची रचना ज्याने केली त्याने तिला बंद करायचं बटण कुठे ठेवलं, ते मला सापडलेलं नाही.

आणि हे शरीर तरी घडलं कसं? तुला तुझ्या आईने अंगच्या मळापासून घडवलं, तेव्हा हा विषय तुला समजेल. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपली बाळं नुसती लहान नव्हती. स्नायू कमी, आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पोटात असताना अन्न कमी पडलं की शरीर दुष्काळाच्या हिशोबाने बेतलं जातं, आणि पुढे भरल्या ताटाशी त्याचं जमत नाही, असा त्यातला सारांश मी समजले. 2004 साली याज्ञिकांचा आणि त्यांच्या लंडनच्या एका डॉक्टरमित्राचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंची-वजनाचं गणित दोघांचं अगदी सारखं, 22.3. अंगातली चरबी साहेबाची 9.1 टक्के, आपल्या डॉक्टरांची 21.2. एवढ्या मोठ्या माणसाने आपलीच चरबी अशी जगापुढे मांडली, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्याकडे बायका वजनकाट्यावर चढताना आधी मागे कोण उभं आहे ते बघतात.

ते वाचल्यापासून आई डोळ्यांपुढे येते. मालवणकडची. मी पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत लावणीला वाकायची, आणि जेवायला बसायची ती सगळ्यांच्या शेवटी, पेज उरली तर. माझी शुगर माझ्या जिभेने आणली एवढंच मी आजवर ऐकत आले. हा हिशोब माझ्या जिभेला चव कळायच्या आधीच सुरू झाला असेल, तर तो एकटीच्या नावावर का? आईच्याही नावावर नको. ती उपाशी होती.

यावरून मी मोकळी सुटले आणि आता रोज जिलेबी खाणार, असा अर्थ काढू नकोस. गोळी वेळेवर घेणं, चालणं, रात्री पायाचे तळवे आरशात बघणं, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घेणं, ही कामं माझीच. कामं माझ्याकडे राहू दे, बाप्पा. दोष तेवढा उतरवून घे. दोन्ही एकत्र उचलायला लागले की कामंही होत नाहीत. आकडा वाईट येईल या भीतीने मीटर कपाटात पडून राहतो आणि डॉक्टरांची तारीख चुकवली जाते, हे मी आमच्या बिल्डिंगमध्येच किती जणांचं पाहिलं आहे. आळशी नाहीत ती माणसं. लाजलेली आहेत.

एका माणसाबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. अल्बर्ट एलिस. अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ. तुला मानत नव्हता, उघडपणे मानत नव्हता, पण त्याचा राग धरू नकोस. त्याला चाळिशीतच मधुमेह निघाला, आणि त्यानंतर थोड्याच काळात, 1955 च्या सुमारास, त्याने आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्या मुंबईच्या किशोर फडक्यांनी त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि ती विचारसरणी मराठीत आणली. इथून चार-पाच स्टेशनांवर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 साली मनाच्या आरोग्यासाठी संस्था काढली, तिथेही याच विचाराची शिकवण मिळते. एलिसचं म्हणणं थोडक्यात असं: घटना माणसाला जेवढी छळत नाही तेवढा त्या घटनेबद्दलचा त्याचा हट्ट छळतो. साखर आटोक्यात असली तर बरं, ही इच्छा झाली. इच्छा मोडली तर वाईट वाटतं आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. साखर आटोक्यात असायलाच पाहिजे, नसली तर मी कुचकामी आणि माझं सगळं संपलं, हा हट्ट. हट्ट मोडला की माणूसच मोडतो. त्याने हे आधी स्वतःवर चालवलं. दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायचं, सुई टोचायची, याचा वैताग येतो हे कबूल करायचं, आणि तरी करायचं. त्र्याण्णव वर्षं जगला.

तुझ्यासमोर बसून लोक जे मागतात त्यात हट्टच जास्त असतो, हे तू रोज ऐकतोस. माझ्या मागण्यांतलाही तो भाग तू आपल्या आपण गाळून घे.

तरी एक सांगते. विचार सुधारला म्हणजे सगळं सुधारतं, असं म्हणणाऱ्यांचा मला कधी कधी राग येतो. स्ट्रिपच्या डबीला पैसे लागतात. चालायला रस्ता लागतो. एलबीएस रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून संध्याकाळी तिथे चालणं म्हणजे पत्रे आणि रिक्षा यांच्यामधून अंग चोरत जाणं. मनाच्या बळावर फुटपाथ उगवत नाही. म्हणून मला धीर देशील तेव्हा या वॉर्डात थोडी सपाट जागाही दे. दोन्ही एकाच अर्जात धर.

मी दमले आहे, बाप्पा. आजारापेक्षा त्याच्या हिशोबाने. याला रविवार नाही, दिवाळी नाही. माहेरी गेलं तरी पिशवीत गोळ्या, लग्नाला गेलं तरी पंगतीत मनातल्या मनात वाट्या मोजणं. विल्यम पोलोन्स्की नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1995 साली सहकाऱ्यांबरोबर वीस प्रश्नांची एक यादी केली, मधुमेहाने माणूस मनातून किती थकला आहे ते मोजायला. डिप्रेशन वेगळं आणि हा थकवा वेगळा, हे त्यानंतर डॉक्टरलोक जास्त मानू लागले. वीस प्रश्न कशाला हवेत? एक पुरे होता. पण तोही आम्हाला कुणी विचारत नाही. ओपीडीत एवढी गर्दी असते की आकडा बघून गोळी बदलण्यापुरताच वेळ डॉक्टरांकडे उरतो, आणि त्यांनाही मी काय बोल लावू? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेही 10 कोटींच्या वर निघाले, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी 13 कोटींहून जास्त. तुझ्यासमोरची रांगही काही लहान नसणार. मी आपला नंबर लावून ठेवते.

घरच्यांसाठी मागते. आमचे हे, मुलगा, सूनबाई, तिघंही माझ्यावर पहारा ठेवून असतात. फ्रीज उघडला की स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी दिसतंच. पाहुण्यांसमोर "आईला देऊ नका, तिला शुगर आहे" असं सांगतात आणि सगळी पंगत माझ्याकडे वळून बघते. माझ्या घरात मीच चोर. पण मला त्यांच्या पोटातली भीती दिसते. ह्यांच्या थोरल्या भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि जखम सुरुवातीला चप्पल लागून झालेल्या फोडाएवढीच होती. ही भीती घरचे बोलून दाखवत नाहीत. बोलता येत नाही म्हणून बर्फीचा तुकडा हिसकावून घेतात. त्यांची भीती त्यांना शब्दांत सांगता येईल एवढं कर. "मला तुझी काळजी वाटते" असं ह्यांनी एकदा म्हटलं तर मी बर्फी आपणहून खाली ठेवीन. निदान अर्धी.

आता आपला व्यवहार. तू हातात मोदक घेऊन बसतोस, आणि मी तुझी भक्त. यात अवघड कोण होऊन बसतं ते तूच बघ. संकष्टीला चंद्रोदय कधी कधी रात्री नऊ-दहाला. साखर खाली आणणारी गोळी सकाळी घ्यायची आणि दिवसभर पोट रिकामं ठेवायचं, तर शुगर डाऊन होणारच. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, काही बोलायचं असतं आणि तोंडातून भलतंच निघतं. आकडा 70 च्या खाली गेला की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, असा नियम आहे. उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर उलट टोकाला, आकडा आभाळात. मी उपास सोडला आहे. सासूबाई होत्या तोवर हे मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. आज तुला म्हणते. तुला माझ्या रिकाम्या पोटाची हौस असेल असं मला वाटत नाही. दूर्वा वाहीन, अथर्वशीर्ष म्हणेन, वेळेवर जेवीन. ज्या बाया अजून चंद्राची वाट बघत थरथरत बसतात त्यांच्या कानात तूच सांग. माझं त्या ऐकत नाहीत.

गेल्या पावसाळ्यापासून मी गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिनवरही आहे. बिल्डिंगमध्ये बातमी पसरली ती "सुईवर गेली" अशी, जशी कुणी शेवटच्या स्टेशनावर पोचली. त्या सुईसाठी मी तुझे आभार मानते, कारण तिची गोष्ट मला माहीत आहे. 1922 च्या जानेवारीत टोरोंटोत लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मरणाच्या दारात होता. तेव्हा या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस मिळवत. 11 जानेवारीला त्याला पहिली सुई दिली, आणि ती फसली. औषध अशुद्ध होतं, सुई दिली तिथे गळू झालं, साखर फारशी उतरली नाही. कॉलिप नावाच्या रसायनतज्ज्ञाने मग दिवसरात्र एक करून तो अर्क शुद्ध केला आणि 23 तारखेला पुन्हा सुई दिली. मुलगा सावरला आणि पुढे तेरा वर्षं जगला. पेटंट शोध लावणाऱ्यांनी विद्यापीठाला डॉलर-डॉलरला देऊन टाकलं. लोक त्यांच्यातल्या बँटिंगचं नाव घेतात, त्याच्या जन्मदिवशी 14 नोव्हेंबरला मधुमेह दिन पाळतात. मला मात्र मधले ते बारा दिवस आठवतात. पहिली सुई फसल्यावर त्या पोराच्या आईबापांनी ते कसे काढले असतील? तेव्हा तू त्यांच्याजवळ काय ठेवलं होतंस, त्यातलं थोडं इकडेही असू दे.

आता दुसऱ्यांचं. आमच्या मागच्या चाळीत एक मुलगी आहे, तिला नवव्या वर्षापासून इन्सुलिन लागतं. तिचं स्वादुपिंड ते बनवतच नाही. तिने काही जास्त खाल्लं नव्हतं, आईने काही कमी केलं नव्हतं. तिची आई रात्री तीनचा गजर लावून उठते, झोपेतल्या पोरीच्या बोटाला टोचून बघते, मग सकाळी पवईला चार घरची कामं. फ्रीज नव्हता तेव्हा इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात असायची. पोरगी आता कॉलेजात जाते, सुई स्वतः घेते, मैत्रिणींसमोर घेते, आणि कुणी "ई" केलं तर हसते. तिच्या त्या हसण्याला धक्का लावू नकोस. पुढे लग्नाचं निघेल, तेव्हा नातेवाईक "आत्ताच सांगू नका" म्हणतील. लपवायला लावतील, आणि लपवलेली सुई चुकते. ऐकूनही जो उठून जाणार नाही असाच मुलगा तिच्या दारात पाठव. नाहीच सापडला तर तिला पगार चांगला दे.

स्टेशनबाहेरचे रिक्षावाले आहेत. शुगर वाढली की तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, आणि जायचं कुठे? म्हणून ते पाणीच पीत नाहीत. गाडीत बसायच्या आधी माझ्यासारख्या बायकाही तेच करतात. रात्रपाळीचा वॉचमन पहाटे दोनला पाव खातो, त्याचं उपाशीपोट कुठलं आणि जेवणानंतरचं कुठलं ते लॅबलाही सांगता येणार नाही. यांना सहनशक्ती दे असं मी म्हणणार नाही, ती त्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. त्यांना बसायला दहा मिनिटं दे, स्वच्छ मुतारी दे. आणि रात्री जीव नको झालेल्या कुणाला 14416 हा मदतीचा नंबर वेळेवर आठवू दे. 2022 साली सरकारने तो सुरू केला, फुकट आहे, चोवीस तास कुणीतरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं. तू सगळीकडे आहेस हे मी मानते, पण पलीकडून माणसाचा आवाज आला की बरं वाटतं.

बेल वाजली. लॅबचा मुलगा आला असेल. सूनबाई दार उघडते आहे.

आकडा चांगला आला तर मला आनंद होईल. वाईट आला तर वाईट वाटेल, तेवढं वाटू दे. डॉक्टरांकडे कागद घेऊन जायला पाय अडू नयेत, आणि गोळी वाढवली तर ती शिक्षा वाटू नये. नैवेद्याच्या एकवीस मोदकांपैकी वीस तुझे आणि घरच्यांचे. एक मी सगळ्यांसमोर बसून खाणार, दुपारचा भात त्या प्रमाणात कमी करणार. याला तुझी हरकत असेल तर आत्ताच सांग.